पायरीवरची हौसाआत्या

लग्नाच्या बस्त्याला हौसाआत्याला न्यायचं, पण दुकानात न्यायचं नाही, हे आमच्या कळसमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. दोन्हीकडची माणसं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बारामतीला जात. दुकानदार सगळ्यांना पांढऱ्या गादीवर बसवी, पाणी विचारी, पहिल्या साडीला हळदकुंकू लावी आणि मग नवरीचा शालू, नवऱ्याचे कपडे, मानपानाच्या साड्या अशी दिवसभराची खरेदी सुरू होई. हौसाआत्या मात्र बाहेर, चपलांच्या शेजारी, वरून तिसऱ्या पायरीवर. कारण ती विधवा. आणि तिच्याइतकं कापडातलं कळणारं माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात नव्हतं, हेही सगळ्यांना ठाऊक. म्हणून तिला न्यायचं तर खरं, पण नवरीच्या कापडाला तिचा हात लागू द्यायचा नाही. आपली गरजही भागावी आणि अपशकुनही टळावा, असा हा गावाचा तोडगा होता.

मग हात न लावता पारख करायची कशी? त्यासाठी मी होते.

मी लग्न होऊन कळसला आले ती नव्वदच्या सुमाराला. हौसाआत्याचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक लिंबाचं झाड. मी आल्यावर महिनाभरातच ती आमच्या दारात उभी राहिली आणि सासूबाईंना म्हणाली, "उद्या बस्त्याला जायाचंय. हिचं हात द्या मला." परात मागावी तसे तिनं माझे हात मागितले. सासूबाईंनी दिलेही. सवाष्ण बाईचे हात, तेही बारामतीचे, म्हणजे दुकानात बुजणार नाहीत. तेव्हापासून सात-आठ वर्षं मी तिच्या जवळ पायरीवर उकिडवी बसत आले.

आत्या उंच, मोठ्या हाडाची. कपाळ कोरं, दंडावर गोंदण, दातांना मिश्रीची काळी कड. साडी आणून मी तिच्यासमोर धरली की ती आधी डोळे मिटायची. "चुरगाळ," म्हणायची. मी पदर तिच्या कानाशी नेऊन मुठीत चुरगाळायची आणि ती ऐकायची. "रेशीम कुरकुरतं. नायलॉन खसखसतं. आन् भेसळ आसली ना, ती काईच बोलत न्हाय, चोरावानी गप बसती." मग दुसरी परीक्षा. "अंगठा वला कर. काठावर घास." मी जिभेला अंगठा लावून काठ घासायची आणि तिला अंगठा दाखवायची. रंग लागला नाही तर ती मान हलवायची. लागला तर दुकानदाराचं काही खरं नसायचं. ती पायरीवरूनच आतल्या शेठला विचारायची, "शेठ, ही साडी नेसायची हाय का भिंत रंगवायची?"

एवढं ज्ञान तिच्यात आलं कुठून, तर लोकरीतून. तिच्या माहेरची, म्हणजे कळसचीच, माणसं पूर्वी मेंढरं राखणारी. आजीच्या मांडीवर बसून ती सूत कातायला शिकली. बोलायच्या आधी तिला पीळ कळत होता असं घरात म्हणायचे. त्या काळात खरेदी म्हणजे वर्षा-दोन वर्षांत एकदा. तिचा आजा एकदाच, तरुणपणी, मेंढरं विकून पुण्याला गेला आणि दोन वस्तू घेऊन आला. एक लोखंडी खाट आणि एक काळा कोट. खाट बैलगाडीत उलटी घालून आणली आणि वाटेत प्रत्येक गावात लोकांनी ती थांबवून पाहिली, असं आत्या सांगायची. कोट घरातल्या तीन लग्नांत तीन नवऱ्यांनी घातला. तिसरा हौसाआत्याचा नवरा. तो वर्षाच्या आत तापानं गेला. कोटाला काही झालं नाही. आत्या एकोणीस वर्षांची, तिला परत माहेरी आणून सोडलं, कोटही तिच्याबरोबर परत आला. बारामतीतल्या कुठल्याही नवऱ्या मुलाच्या अंगावर नवा कोट चढला की ती बाहेरून एकच विचारायची, "माज्या आज्याच्या कोटाला हात लावून बगितलाय का कुणी?" कुणी बघितलेला असणं शक्य नव्हतं. तो तिच्या पेटीत होता.

हे ऐकून कुणाला तिची दया येईल, म्हणून आधीच सांगते. बाई दुष्ट होती. तिचं तोंड म्हणजे उघडा विळा. आणि मला तिच्या शेजारी बसून ते ऐकायला आवडायचं, हेही सांगून टाकते.

एकदा इंदापूरला नवऱ्या मुलासाठी सायकल घ्यायला गेलो. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळं मोटारसायकल नको, सायकल द्या म्हणणारं स्थळ मिळालं होतं. लोखंडाला आत्यानं हात लावलेला चालायचा. अपशकुन फक्त कापडातून पसरत असावा. तिनं हिरव्या रंगाची चकचकीत सायकल उचलली, मागचं चाक गरागरा फिरवलं आणि डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "ही पडल्याली हाय." दुकानदार शपथा घ्यायला लागला. तिनं पुढच्या चाकाचा चिमटा दाखवला, वाकलेला ठोकून सरळ केलेला, वर नवा रंग. दुकानदार गप झाला. तिथं थांबायचं की नाही? पण आत्या म्हणाली, "रंग नवा, हाड जुनं. आसली स्थळं बी आसत्यात." सगळे खो खो हसले. नवरी मुलगी बापाच्या मागं उभी होती. तिचं वय सांगताना चार वर्षं गिळलेली होती, हे त्या घोळक्यात सगळ्यांना माहीत होतं. तिनं पदर तोंडाशी घेतला आणि परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. मीही हसले होते.

लोखंडी कपाट घ्यायला गेलं की ती त्याच्या पाठीवर बुक्की मारायची आणि विचारायची, "पत्रा हाय का पापड?" रुखवतातली खाट असली की तिच्यावर दोन्ही पाय वर घेऊन बसायची आणि पानाची चंची सोडायची. खाट करकरली की उठायची, दुकानदाराला सांगायची, "ही नवरा-नवरीला न्हाय, म्हाताऱ्याला मराया द्या. त्यो काय हलायचा न्हाय." मग त्या दुकानातून काही घेण्याचा प्रश्नच उरत नसे.

पण सांगवीच्या बाईचं जे झालं ते मला त्या वेळीही रुचलं नाही. आमच्या भावकीतल्या मुलासाठी सांगवीची मुलगी केली होती. मुलीच्या आईनं विहिणीच्या मानाची साडी आधीच, आपल्या पसंतीनं, पुण्याहून कुणाकडून तरी आणवली होती. ती बस्त्याच्या दिवशी पिशवीत घालून बरोबर आणली. दुकानात सगळे बसल्यावर तिनं ती हळूच काढून मांडीवर उलगडली. चेहऱ्यावर असं काही कौतुक की जणू तिनं स्वतः विणली होती. मानाची साडी, नवरीची नव्हे, म्हणून तिला वाटलं, हौसाआत्याला दाखवायला हरकत नाही. ती उठून पायरीवर आली आणि आत्याच्या हातातच दिली.

आत्यानं कानाशी नेलीही नाही. दोन बोटांत धरून म्हणाली, "विहिणीला सांगा, ही नेसून चुलीम्होरं जाऊ नका. अंगाला चिकटून जळंल. आन् वास बी प्लाष्टिकच्या पिशवीचा येईल."

आत मुलाकडची बसलेली. सगळ्यांनी ऐकलं. त्या बाईनं साडीची घडी घातली, पण घडी नीट होईना. शेवटी तिनं ती तशीच गोळा करून पिशवीत कोंबली आणि दिवसभर पिशवी मांडीवर धरून बसली. कुणी चहा दिला तर घेतला नाही.

येताना मी म्हणाले, "आत्या, किती हौसेनं आणली होती हो तिनं."

"हौसंनं आणलं म्हून कापड बदलतं व्हय?" आत्या म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "माजं नावच हौसा हाय. बग काय झालं त्ये."

आत्याच्या जिभेनं असे बरेच लोक जखमी करून ठेवले होते. ते विसरले नव्हते. पण बस्ता निघाला की तिलाच बोलवायचे, कारण फसवणुकीची भीती अपमानापेक्षा मोठी होती.

शोभाच्या लग्नापर्यंत हे असंच चाललं. शोभा म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. आत्यानं तिला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शिवायला, विणायला शिकवलं. आत्या कुणाशी गोड बोलली असेल तर ती शोभाशी, आणि तेही दोघीच असताना. शोभाचा शालू आपण पारखून घ्यायचा एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात मागितली. मला ती आठ-दहा वेळा म्हणाली असेल, "शोभीचा शालू आसा घीन की तिच्या नातीनं बी नेसावा."

स्थळ डाळजचं. माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या नात्यातलं, त्यांनीच जुळवून आणलेलं. शोभाचं आधीचं एक जमलेलं लग्न मोडलं होतं, त्यामुळं आत्याचा भाऊ फार घाबरून वागत होता. विहीणबाई मोठ्या शेतकरणी, उसाचं उत्पन्न, बोलणं तोलून. नवरीचा शालू मुलाकडच्यांनी घ्यायचा असतो. बारामतीच्या दुकानात त्या आल्या, पायरीवर आत्याला बसलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या बाई हितं कशापायी?"

भाऊ म्हणाला, "आत न्हाय येणार ती. भाईरच बसंल."

"बसू द्या. पण माज्या सुनंचं कापड तिच्या कानाकडं न्यायाचं न्हाय. आमच्यात चालत न्हाय असलं. न्हायतर आमी उठतो."

भावानं मान हलवली. आत्या ऐकत होती. तिनं पानाची चंची सोडली.

दोन तास साड्या उलगडल्या. शेवटी विहीणबाईंना एक आवडली. पिवळी, डाळिंबी काठाची, पदरावर भरघोस मोर. खरंच दिसायला सुरेख. त्यांनी ती शोभाच्या खांद्यावर टाकली, शोभा लाजली, सगळ्या बायका वा वा म्हणाल्या. मी काठाजवळच बसले होते. मी दाराकडं पाहिलं. आत्या पायरीवरून माझ्याकडं बघत होती. तिनं आपला अंगठा वर केला आणि तर्जनीवर घासला. एवढंच.

मी घडी सारखी करायच्या निमित्तानं अंगठा ओला केला आणि काठावर घासला.

अंगठा लाल झाला. थोडासा नाही. कुंकवात बुडवल्यासारखा.

विहीणबाईंचं लक्ष होतं. "काय बगतीस गं?" त्यांनी विचारलं. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं.

"काही नाही," मी म्हणाले. "पोत बघत होते." आणि अंगठा मुठीत घेऊन मूठ पदराखाली घातली.

बाहेरून आत्याचा आवाज आला. "रंग कसाय गं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या एका शब्दावर साडी बदलली असती. लग्नही कदाचित मोडलं असतं, नाही असं नाही. पण तेव्हा मी शोभाच्या लग्नाचा विचार करत नव्हते. मला सासूबाईंची भीती वाटत होती, बस्स. मी म्हणाले, "चांगला आहे, आत्या. पक्का आहे."

आत्यानं माझ्या पदराखालच्या मुठीकडं पाहिलं. मग आत तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "शोभे, ही नगं घिऊ. ही रंग सोडंल."

विहीणबाई उठू लागल्या. आत्याचा भाऊ धावत दारात गेला आणि थोरल्या बहिणीला, जिनं त्याची लेक वाढवली तिला, चारचौघांत म्हणाला, "आक्के, तुजं तोंड हाय का गटार? ऊठ हितनं. एसटीनं जा घरी." आत्या उठली. चपला शोधायला तिला वेळ लागला, कारण शंभर चपला होत्या आणि तिची नजर ठिकाणावर नव्हती. मी मदतीला उठले नाही.

अंगठ्याचा रंग तीन दिवस गेला नाही. लिंबू लावलं, राख लावली. सासूबाईंनी पाहिला तो आणि चुलीतली आणखी थोडी राख माझ्यापुढं सारली.

लग्न मे महिन्यात, दुपारचं. कळसमध्येच, घरासमोर पत्र्याचा मांडव. पत्र्याखाली माणूस शिजत होतं. मंगलाष्टकं संपेपर्यंत शोभा घामानं निथळली आणि काठाचा रंग उतरायला लागला. आधी पिवळ्यावर लाल ओघळ आले, मग मनगटावर, मानेवर. नवऱ्याच्या पांढऱ्या उपरण्याशी गाठ मारलेली होती, त्या गाठीतून रंग उपरण्यात चढला. लांबून पाहणाऱ्याला रक्तच वाटावं. एक बाई ओरडली आणि मग सगळा मांडव उभा राहिला.

विहीणबाई म्हणाल्या, "त्या रांडव बाईच्या तोंडून निगालं हुतं. रंग सोडंल म्हणली हुती. भर बस्त्यात म्हणली हुती."

दुसऱ्या कुणी म्हणायच्या आतच सांगवीची बाई म्हणाली, "व्हय. तिचं बोलल्यालं खरं हुतंय. आमचं बी झालंय." मांडवात आत्यानं कधीतरी डंख मारलेले पाच-पंचवीस जण होते. ज्याला त्याला आपापली गोष्ट आठवली. कुणाची खाट मोडली होती, कुणाची मुलगी माघारी आली होती. जे इतकी वर्षं तिला कळत होतं, ते आता तिनं घडवलं होतं. एकालाही वाटलं नाही की कापडच वाईट असेल. माझ्याकडं तर कुणी पाहिलंही नाही.

आत्या मागच्या बाजूला भांडी घासत होती. भाऊ तिला दंडाला धरून मांडवात घेऊन आला. "पाया पड," म्हणाला. "माफी माग."

मला वाटलं, ही आता बोलेल. असं काही बोलेल की डाळजची सगळी माणसं न जेवताच निघून जातील. पण तिनं शोभाकडं पाहिलं आणि वाकली. विहीणबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. शेजारीच शोभा उभी होती, शालूचा ओला काठ जमिनीला टेकलेला. उठताना आत्याच्या हाताला तो लागला. तिनं तो दोन बोटांत धरला, सवयीनं, आणि चोळला. नवरीच्या कापडाला तिनं हात लावलेला तो पहिला आणि शेवटचा.

"भेसळच हाय," ती हळूच म्हणाली. ते मी ऐकलं आणि शोभानं ऐकलं.

पाचपरतावणाला शोभा माहेरी आली तेव्हा आत्यानं तिच्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. शोभानं ताटाला हात लावला नाही. मी तिथंच होते, लिंबाखाली. शोभा म्हणाली, "आत्या, तुला जरा गप बसता आलं नसतं का? माज्या येका दिवसापुरतं?"

आत्या म्हणाली, "न्हाय आलं गं."

त्या वेळीही मी बोलू शकले असते. तोपर्यंत लग्न झालेलं होतं, मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी लिंबाच्या काड्या वेचत राहिले. शोभा त्यानंतर आत्या जिवंत असेपर्यंत कळसला आली ती दोनदा, दोन्ही वेळा आत्या शेतात असताना.

पुढं आत्याला कुणी बस्त्याला नेलं नाही. वरात निघाली की भाऊ तिच्या खोलीला बाहेरून कडी लावायचा. एरवी ती दिवसभर दारात बसून जुन्या लोकरीची घोंगडी उसवायची आणि पुन्हा पीळ द्यायची. तिचं तोंड बंद झालं. गावाला बरं वाटलं असेल. मला तिच्या शिव्यांशिवाय करमत नसे, आणि तिच्यासमोर जायचीही छाती होत नसे.

गाव मात्र आता बस्त्याला मला न्यायला लागलं. सात-आठ वर्षं तिच्याजवळ बसलेली, तिचं सगळं शिकलेली, आणि सवाष्ण. मी दुकानात गादीवर बसायची. रेशीम कुरकुरतं, नायलॉन खसखसतं, हे मी तिच्याच शब्दांत सांगायची आणि लोक माना डोलवायचे.

धाकट्या दिराचा बस्ता होता त्या सकाळची गोष्ट. जीप आमच्या दारातून निघाली आणि लिंबापाशी शेळ्या आडव्या आल्या म्हणून थांबली. आत्या तिच्या उंबऱ्यावर बसली होती. खूप वाळली होती. मी जीपच्या कडेला बसले होते, हात बाहेर. ती उठली, भिंतीला धरत आली. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, सकाळच्या पारी ही कशाला." आत्यानं माझा हात धरला. मला वाटलं, ती काही सांगणार, कुठलं दुकान, कसला काठ. तिनं माझी मूठ उघडली, अंगठा वर केला आणि डोळ्यांजवळ नेऊन निरखून पाहिला.

"निगाला का गं रंग?" ती म्हणाली.

शेळ्या गेल्या. जीप सुरू झाली, आणि तिच्या हातातून माझा हात सुटला. महिन्याभरानं ती गेली, तेव्हा मी बारामतीला होते, कुणाच्या तरी बस्त्याला.

त्या सकाळी जीपमध्ये सासूबाईंनी मला विचारलं, "काय म्हणत हुती गं ती?"

"काही नाही," मी म्हणाले.